गाडीच्या शेडखाली काय घालायचं?

गाडीसाठी शेड घालायची ठरली तेव्हा छपराचा निर्णय एका जेवणात झाला. लोखंडी खांब, रंगीत पत्रा, पन्हळ कुळागराच्या, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेच्या, बाजूला, विषय संपला. खाली जमीन कसली करायची यावर मात्र घरात अख्खा एप्रिल वाद चालला, आणि ज्यांच्याकडे गाडी चालवायचा परवानासुद्धा नाही त्यांचीही ठाम मतं निघाली. सासूबाई म्हणाल्या, "शेणानं सारवा. आमचं खळं सारवलेलं असायचं, त्यावर बैलगाडी यायची की." यजमानांना जांभ्याचे चिरे हवे होते. भावोजींनी पणजीहून व्हिडिओ पाठवले. त्यात कुठल्याशा परदेशी गॅरेजात चकचकीत राखाडी इपॉक्सीवर (रासायनिक लेपाच्या फरशीवर) गाडी उभी, टायरला चिखलाचा ठिपका नाही.

मी गोव्यातल्या साखळी शहरात एका पतसंस्थेत हिशेब लिहिते. बांधकामाशी माझा संबंध कर्जाच्या फायलींपुरता. पण त्या फायली चाळून चाळून एक सवय लागली आहे, अंदाजपत्रकात जमिनीखाली काय जाणार ते आधी शोधायचं. वरच्या टाइल्सना तीन ओळी असतात, रंगाला दोन, आणि खालच्या भरावाला 'इतर'. पुढच्या पावसाळ्यात जे खचतं ते बहुतेक या 'इतर'मधलंच असतं.

म्हणून मी पाण्यापासून सुरुवात केली. आमचं घर डिचोली तालुक्यात, डोंगराच्या उतरणीला. मागे कुळागर, पुढे अंगण, अंगणाच्या कडेला विहीर. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचा पत्रा २५ चौरस मीटरचा, म्हणजे वर्षाला ७५,००० लिटर पाणी त्या एका छपरावरून खाली येणार. दहा हजारांचे साडेसात टँकर. छप्पर घातलं की खाली कोरडं, असं आपण धरून चालतो. पण ते सगळं पाणी छपराच्या कडेला एका रेषेत पडतं, आणि ती रेष नेमकी आपल्या फरशीची कड असते. पन्हळ लावली तरी आषाढातल्या सरीला ती तुडुंब भरून वाहते. शिवाय डोंगराकडून मातीतून झिरपणारं पाणी वेगळं, आणि पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर तिरकं आत घुसणारं वेगळं.

मेस्ताला, म्हणजे गवंड्याला, बोलावलं तेव्हा त्यानं मापाची टेप खिशातच ठेवली. अंगणात एक फेरी मारली, विहिरीकडे बघितलं, डोंगराकडे बघितलं आणि म्हणाला, "वयनी, उदक खंय वतलें तें पयलीं सांगात, मागीर फरशेचें पळोवया." म्हणजे, वहिनी, पाणी कुठे जाणार ते आधी सांगा, मग फरशीचं बघू. माझा त्याच्यावर विश्वास बसला तो तिथेच.

गाडी तोवर फणसाखाली मातीवर उभी असायची. आमची माती लाल आणि चिकण. एकदा भिजली की दिवसचे दिवस ओल सोडत नाही. गाडी रात्रभर अशा जमिनीवर उभी राहिली की खालून ओल वर येत राहते आणि गाडीच्या पोटाखाली वारा नसतो. चाकांनी उडवलेला चिखल मडगार्डच्या आत, खालच्या पट्ट्यांच्या खाचांत बसतो आणि तिथे ओला कपडा गुंडाळून ठेवल्यासारखा राहतो. डिचोलीच्या गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढवली तेव्हा मेकॅनिकनं पेचकसानं त्या खाचेतली माती उकरून दाखवली. नोव्हेंबर होता, पाऊस जाऊन महिना उलटलेला, आणि ती माती अजून दमट होती. वरचा रंग नवा कोरा, खाली गंजाची पापुद्री. गाडीला ऊनपावसापासून वाचवायला छप्पर पुरतं हे खरं, पण गंज खालून चढतो.

सासूबाईंचं शेण त्यामुळे पहिल्याच फेरीत बाद झालं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. खळं कापणीनंतर सारवतात, तेव्हा पाऊस गेलेला असतो, हे त्यांनीच सांगितलं.

चिऱ्यांचा मुद्दा सहज सुटण्यासारखा नव्हता, कारण यजमान हट्टाला पेटले होते आणि त्यांचं म्हणणं वेडगळही नव्हतं. आमचं घर चिऱ्याचं, विहिरीचा कठडा चिऱ्याचा, गडगा चिऱ्याचा. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, कोयत्यानंसुद्धा तासता येतो, आणि वारं-ऊन लागून पुढे कडक होतो. गोव्यातली कित्येक जुनी घरं आणि देवळांच्या भिंती त्यावर उभ्या आहेत. मग गाडी का नाही उभी राहणार?

मी आकडे काढले. भारतीय मानकाप्रमाणे बांधकामाच्या चिऱ्याची दाब सोसण्याची ताकद दर चौरस मिलिमीटरला किमान ३.५ न्यूटन हवी, म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण ३५ किलो. गाडीच्या टायरमध्ये ३३ पौंड हवा असली तर टायर जमिनीला साधारण तेवढ्याच दाबानं दाबतो, चौरस सेंटीमीटरला सव्वादोन-अडीच किलो. म्हणजे नुसत्या वजनाच्या हिशेबात चिरा हरत नाही, चांगला पंधरापट पुरून उरतो. यजमान खूश झाले. पण गाडी काही जमिनीवर नुसती बसत नाही. शेडमध्ये जागा बेताची, म्हणून उभ्या गाडीचं स्टिअरिंग पूर्ण फिरवून चाकं वळवावी लागतात. पॉवर स्टिअरिंगमुळे हाताला कळत नाही, पण तो टायर त्या जागी दगड रगडत असतो. आणि शेडमध्ये गाडी रोज त्याच जागी थांबते, तेव्हा रगडाही रोज त्याच दोन जागी, पुढच्या चाकांखाली. रस्त्यावर झीज वाटली जाते, इथे ती साठत जाते. चिरा भिजलेला असला की त्याची ताकद आणखी कमी. आमच्या फाटकाशी दोन चिरे जमिनीसपाट बसवलेले आहेत, त्यांच्याकडे मी यजमानांना घेऊन गेले. एकाच्या मधोमध बशीएवढा खळगा, कडा विरघळल्यासारख्या गोल, आणि बोट फिरवलं की लाल चुरा हाताला.

दुसरं, तेल. मानकाप्रमाणे चिऱ्याला वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत पाणी पिण्याची मुभा आहे. पाणी पितो तसा तो तेलही पितो. इंजिन ऑइलचा एक थेंब पडला की तो डाग त्या दगडाचाच. तिसरं, शेवाळ. आमच्याकडे जुलैत चिऱ्यावर जी हिरवी बुरशीट साय धरते तिच्यावरून सासरे दोनदा घसरले आहेत, काठी हातात असून. चौथं कारण मी घरात मोठ्यानं बोलले नाही, पण इथे लिहिते: सुट्या बसवलेल्या चिऱ्यांच्या फटी गोमीला आणि तिच्यामागून येणाऱ्या मोठ्या पाहुण्यांना फार आवडतात, आणि आमच्या मागे कुळागर आहे.

पेव्हर ब्लॉक, म्हणजे रेतीवर सुटे बसवायचे सिमेंटचे ठोकळे, हा सगळ्यांत तगडा प्रतिस्पर्धी होता. देवळांच्या आवारापासून पंचायतीच्या वाटांपर्यंत आता सगळीकडे तेच दिसतात, आणि त्यामागे कारण आहे. खाली काही दुरुस्ती निघाली तर ब्लॉक उचलायचे, पाइप टाकायचा, परत बसवायचे. एक फुटला तर एकच बदलायचा. सिमेंटच्या स्लॅबला ही सोय नाही. विकत घेताना मात्र जाडी विचारा. दुकानात लाल-पिवळे रंग आणि डमरूचे आकार दाखवतात. आपल्याला हवं ते वेगळं. हलक्या वाहनांसाठी मानकात ६० मिलिमीटर जाडी आणि एम-३५ दर्जा (एम पुढचा आकडा काँक्रीटच्या ताकदीचा) सांगितला आहे, ५० मिलिमीटरचे आणि एम-३० चे ब्लॉक फक्त माणसांच्या पायांसाठी. दिसायला दोन्ही सारखेच. अंगणाच्या वाटेला घेतलेले उरलेले ब्लॉक गाडीखाली ढकलण्याचा सल्ला मलाही मिळाला होता.

पण पेव्हरचा जीव त्याच्या खालच्या रेतीत असतो. दाबून घट्ट केलेला खडीचा थर, त्यावर इंचभर-सव्वा इंच रेती, त्यावर ब्लॉक, आणि चारी बाजूंनी पक्की कड. ही कड सुटली की ब्लॉक बाहेर सरकतात, फटी वाढतात, फटीतून पाणी आत, पाण्याबरोबर रेती बाहेर. आमच्याकडे छपरावरून पडणारं पाणी नेमकं त्या कडेवर मारणार होतं. वरून मुंग्या. पाऊस उघडला की पेव्हरच्या फटींवर रेतीचे बारीक ढीग दिसतात ते मुंग्यांनी खालून उपसलेले. अंगणात ते चालून जातं. जिथे चार चाकं रोज त्याच चार जागी उभी राहतात तिथे मात्र चार खळगे पडतात, आणि मग त्या खळग्यांत पाणी. जमीन सपाट, रेताड आणि निचऱ्याची असती तर मी पेव्हरच घेतले असते. आमच्या उतरणीच्या चिकण मातीवर धीर झाला नाही.

खडी पसरणं सगळ्यांत स्वस्त आणि पाण्याच्या दृष्टीनं सगळ्यांत शहाणं, कारण पाणी वर थांबतच नाही. घ्यायचीच तर टोकेरी, २० मिलिमीटरची काळी खडी घ्यावी. ती एकमेकींत अडकते. नदीतले गोल गोटे दिसायला छान, पण चाकाखाली गोट्यांसारखेच पळतात. खडीनं आमच्याकडे मार खाल्ला तो स्कूटरवरून. माझी स्कूटर याच शेडमध्ये उभी राहणार. स्कूटरचं वजन शंभर-सव्वाशे किलो, आणि साइड स्टँडचं टोक केवढं? अंगठ्याएवढं. गाडीच्या रुंद टायरपेक्षा त्या टोकाखाली जमिनीवर कितीतरी पट जास्त दाब येतो. खडीत स्टँड रुततो, स्कूटर हळूहळू कलते आणि पहाटे धाडकन आवाज येतो. खाली फळीचा तुकडा ठेवा म्हणतात; तो तुकडा रोज कोण शोधणार? जॅकचंही तेच. पंक्चर काढायला जॅक लावला तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅक खाली जातो. वर फणसाची पानं. खडीतून पानं काढणं हे काम ज्यांनी केलं नाही त्यांनीच खडीची शिफारस करावी.

बाकीच्यांना फार वेळ दिला नाही. डांबर इतक्या लहान जागेत कोणी नीट घालून देत नाही, मे महिन्यात स्टँड त्यातही रुततो, आणि पेट्रोल-डिझेल गळलं तर डांबर विरघळतं. पार्किंग टाइल्स चांगल्या असतात, पण टाइलच्या खाली मसाला सगळीकडे पोचला नाही आणि एखादा कोपरा पोकळ राहिला की चाक चढताच कट्ट. कोटा आणि शहाबादी घरात सुरेख. पॉलिश केलेली कोटा ओली झाली की सासऱ्यांचं काय होईल हा विचार पुरे होता. मधे भोकं असलेले, गवत उगवायचे ब्लॉक भावोजींना फार आवडले. छपराखाली गवताला ऊन कुठून मिळणार, एवढंच मी विचारलं. आणि इपॉक्सी? ती घरातल्या कोरड्या गॅरेजची गोष्ट. आपल्याकडे चार महिने जमिनीतून ओल वर येते, ती रंगाखाली अडकली की फोड येतात, आणि बाजूंनी उघड्या शेडमध्ये जिथे ऊन पोचतं तिथे इपॉक्सी पिवळी पडून पिठासारखी सुटते.

म्हणजे राहिलं साधं काँक्रीट, ज्याची बाजू घरात कोणीच घेतली नव्हती. सासऱ्यांचा एक आक्षेप मात्र मला पटला: सगळं अंगण सिमेंटचं केलं तर विहिरीत पाणी कुठून उतरणार? म्हणून काँक्रीट फक्त गाडी आणि स्कूटरपुरतं ठेवलं, साडेपाच मीटर बाय चार. छपराची कड त्याच्या थोडी बाहेर. आणि जिथे पाणी पडतं त्या रेषेखाली हातभर रुंद चर खणून त्यात ती काळी खडी भरली. चराला उतार विहिरीच्या वरच्या अंगाच्या शोषखड्ड्याकडे. पत्र्याचं पाणी खडीवर पडतं, त्यामुळे लाल शिंतोडे उडत नाहीत, आणि कडेची माती खचत नाही. विहीर आणि गाडी यांच्यामध्ये अंतर ठेवलं आहे, आणि फरशी धुतलेलं तेलकट पाणी त्या चरात जाऊ देत नाही, ते वेगळ्या कोपऱ्यात घेतो. पंचायतीत आधी विचारून घेतलं होतं हेही सांगून टाकते. शेड म्हणजे नुसता पत्रा असं समजून हे काम पुढे ढकलू नका.

आता काम. वरची काळसर भुसभुशीत माती, मुळं, फणसाची कुजलेली पानं हे सगळं आधी काढलं. कामगार थांबायला तयार झाले होते तिथे मेस्तानं पहार टोचून बघितली आणि आणखी खोल जायला लावलं, कारण एका कोपऱ्यात पहार लोण्यात गेल्यासारखी जात होती. तिथे कधीकाळी शेणाची खत-खड्डी होती असं सासूबाईंना तेव्हा आठवलं. ती सगळी उपसून काळ्या दगडाचं सोलिंग (हातानं लावलेल्या दगडांचा थर) घातलं, सांधे खडीनं आणि दगडाच्या चुऱ्यानं भरले, पाणी मारलं आणि भाड्याच्या कॉम्पॅक्टरनं ठोकून घेतलं. वर जाड प्लास्टिकचा कागद, म्हणजे खालची ओल वर येणार नाही आणि ओल्या काँक्रीटमधलं पाणी खाली शोषलं जाणार नाही.

उतार ८० ला १ ठेवला. साडेपाच मीटर लांबीला हा फरक साधारण ७ सेंटीमीटर पडतो. डोळ्याला दिसत नाही, हँडब्रेकला जाणवत नाही, पाण्याला मात्र बरोबर कळतो. उतार घरापासून लांब, चराकडे. तो पाइप लेव्हलनं तपासला, म्हणजे पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांना दोघांनी धरायचं. लेझरचं यंत्र आणायची गरज नाही. नळीत हवेचा बुडबुडा राहिला नाही एवढं बघायचं, नाहीतर सगळा हिशेब चुकतो.

काँक्रीट पाच इंच जाड. बावीस चौरस मीटर गुणिले साडेबारा सेंटीमीटर म्हणजे पावणेतीन घनमीटर. एक-दीड-तीनच्या (सिमेंट, रेती, खडी) मिश्रणाला घनमीटरमागे साधारण ८ पिशव्या सिमेंट लागतं, तेव्हा २२ पिशव्या. पिशव्या मोजायला सगळेच उभे राहतात. मी पाणी मोजायला उभी राहिले, आणि या सगळ्या कामात मला एकाच गोष्टीचा अभिमान वाटत असेल तर तो याचा. मानकात एम-२० च्या या मिश्रणाला सिमेंटच्या एका पिशवीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी सांगितलं आहे. कामगारांना पातळ माल आवडतो. तो घमेल्यातून आपोआप पसरतो, फावड्याला जोर लागत नाही. मिक्सरजवळ पिंप होतं आणि पिंपातून पाणी अंदाजानं जात होतं. मी घरातून १५ लिटरची निळी बादली आणली आणि सांगितलं, पिशवीला दोन बादल्या, आणि त्यातूनही थोडं राखून, कारण रेती आधीच ओली आहे. पहिला घाणा कोरडा वाटला. मिक्सरवरच्या पोरानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी त्याच्या जेवणातलं मीठ काढून घेतलं आहे. मेस्त काही बोलला नाही, त्यानं व्हायब्रेटर लावला आणि तोच कोरडा माल मिनिटभरात चकाकत खाली बसला. जास्तीचं पाणी सिमेंटला लागत नाही, ते नंतर उडून जातं आणि त्याच्या जागी भोकं राहतात. वरचा थर भुरभुरीत होतो आणि झाडलं की पांढरी धूळ येते. नव्या फरशीची धूळ पुसून पुसून थकलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

भेगांबद्दल लोक काँक्रीटला नावं ठेवतात. काँक्रीट आकसतं, तडकणारच. कुठे तडकायचं ते आपण सांगावं लागतं. जाडीच्या साधारण २४ पट अंतरात सांधा हवा, म्हणजे आमच्या पाच इंचाला तीन मीटरच्या आत. म्हणून दुसऱ्या दिवशी कटरनं लांबीच्या मधोमध एक आणि रुंदीच्या मधोमध एक अशी खाच मारली, जाडीच्या चौथ्या हिश्शाएवढी खोल. चार चौकोन झाले. खांबांभोवती थर्मोकोलची पट्टी सोडली होती, म्हणजे खांबाच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघत नाही. लोखंडी जाळी घातली, तीही जमिनीवर अंथरून नाही. खाली सिमेंटचे तुकडे ठेवून वरच्या अंगाला उचलून.

वरचा हात घोटून गुळगुळीत करायला कामगार सरसावलेच होते, कारण गुळगुळीत म्हणजे चांगलं काम असा सगळीकडे समज. मेस्तानं त्यांना थांबवलं आणि माझ्याकडे माडाच्या हिरांचा नवा खराटा मागितला. पाणी वरून ओसरून चमक गेली, पण अंगठा दाबला तर ठसा उमटतो, अशा वेळी तो खराटा आडवा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एका दमात ओढायचा. मधे थांबला की तिथे रेघ जाड होते. प्रत्येक फेरीनंतर हीर पाण्यात झटकून धुवायचे, नाहीतर अडकलेला सिमेंटचा गोळा पुढची रेघ फाडतो. बारीक समांतर रेघा उमटतात, गाडीच्या दिशेला आडव्या, पण उताराकडे जरा तिरकस गेलेल्या. टायर पकडतो, सासऱ्यांची काठी पकडते, आणि पाणी रेघेतून वाट काढतं.

मग पाणी मारणं. आपल्या दुकानांत आता बहुतेक मिश्र सिमेंटच मिळतं, आणि त्याला किमान १० दिवस ओलं ठेवायला सांगितलेलं आहे. ओपीसीला, म्हणजे साध्या पोर्टलंड सिमेंटला, ७ पुरतात. मातीची आळी करून त्यात पाणी साठवलं, मे महिन्यात विहिरीचा तळ दिसत असताना. नुसता पाइप मारून गेलं तर दुपारी दोनला फरशी कोरडी ठक्क.

दहा दिवसांनंतरही गाडी चढवायची नाही, २८ दिवस पूर्ण होऊ द्या, असं मेस्तानं बजावलं होतं. ही एवढी सपाट, स्वच्छ, उन्हातली जागा मोकळी बघून सासूबाईंना राहवेना. पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याची साठवण करायचे, दिवस, कोकमं पिकलेली. त्यांनी सोलं, म्हणजे कोकमाच्या साली, वाळत घातली, खाली चटई घालून. पण सोलांना रसाचं पूट देताना भांडं हिंदकळलं आणि रस चटईबाहेर ओघळला. काँक्रीटला आंबट चालत नाही. गुलाबी डाग दोन पावसांत गेला, पण तेवढ्या जागी खराट्याच्या रेघा खाल्ल्या गेल्या आणि आतली रेती उघडी पडली. सासूबाई म्हणतात, शेणाच्या जमिनीला कोकमानं कधी काही झालं नव्हतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मिरगाचा पाऊस सुरू झाल्यावर मी छत्री घेऊन शेडच्या कडेला उभी राहिले आणि पाणी बघितलं. पश्चिमेकडून तिरकस येणारं पाणी दीड-दोन हात आत येतं, रेघांतून मागे फिरतं आणि खडीत उतरतं. त्या पट्ट्यावर जुलैअखेर हिरवट झाक आली. ताठ ब्रश आणि ब्लीचिंग पावडरनं गेली. तेलाचा थेंब दिसला की लगेच वर कोरडं सिमेंट किंवा लाकडाचा भुसा टाकायचा, पायानं रगडायचा, संध्याकाळी झाडायचा. उशीर झाला तर फिकट डाग राहतो. मला त्याचं काही वाटत नाही, शेड आहे ती, चौक नव्हे.

यजमानांना त्यांचे चिरे मिळाले. शेडपासून पायरीपर्यंतची चालायची वाट चिऱ्यांची केली आहे. खाली खडी, सांधे सिमेंटनं भरलेले, आणि चिरे निवडून घेतलेले. बोटानं ठोकल्यावर ठणठणीत वाजणारे ठेवले, पांढऱ्या मातीचे डोळे असलेले परत पाठवले. तिथे चाक येत नाही, ऊन येतं, आणि सासरे दुसऱ्या बाजूनं जातात.

मांद्र्याच्या मावसभावाला हे सगळं फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, मग मीही पाच इंच काँक्रीट घालतो. त्याला नको म्हटलं. त्याचं घर समुद्राजवळ, जमीन रेताड, पडलेलं पाणी बघता बघता जिरतं; पुढे त्याला तिथूनच पाण्याची नवी लाइनही न्यायची आहे. त्यानं पेव्हर घ्यावेत, ६० मिलिमीटरचे, आणि पैसा कडेच्या कर्बवर आणि खालच्या खडीवर घालावा. खाऱ्या वाऱ्यात स्लॅबमधली जाळी अगदी पृष्ठभागाशी आली असेल तर गंजून काँक्रीट फोडते, तेही एक कारण. त्याला पटलं की नाही ते माहीत नाही. पण गेल्या रविवारी येऊन माझी पाइप लेव्हलची नळी घेऊन गेला आहे, आणि ती मला गणपतीच्या चवथीआधी परत हवी, कारण शेजारच्या वयनींच्या शेडचं काम तोवर निघणार आहे आणि त्यांचं अंगण आमच्याहूनही तिरकं आहे.